परसातल्या पहिल्या कोंबड्या: एक दिवसाच्या पिल्लांपासून खुराड्यापर्यंतच्या नोंदी

४ जानेवारी

संख्या ठरली. घरापुरत्या अंड्यांसाठी सहा तलंगा (अंड्यावर यायच्या वयाच्या तरुण कोंबड्या) पुरतात, म्हणून मागणी आठ पिल्लांची. पहिल्या काही आठवड्यांत थोडी मर धरूनच चालावं लागतं, आणि नर-मादी ओळखण्यातही चूक होते. एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून लिंग सांगणारा कसबी माणूससुद्धा शेकड्यात पाच-दहा पिल्लांबाबत चुकू शकतो. निवड न केलेली सरसकट पिल्लं घेतली तर निम्मे कोंबडे निघतील हे गृहीत धरावं आणि त्यांचं काय करायचं ते आधीच ठरवावं. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. फलित अंडी हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. तीनपेक्षा कमी पिल्लं आणू नयेत, एकटं पिल्लू तर कधीच नाही. सगळी एकाच वयाची असावीत. पंधरा दिवसांनी आणखी दोन आणून त्याच ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब देऊन वाढवायच्या रिंगणात) सोडली की मोठी पिल्लं त्यांना टोचून हैराण करतात.

हॅचरीला (पिल्लं उबवून विकणाऱ्या केंद्राला) विचारायचे प्रश्न: मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली आहे का, कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाची लस दिली आहे का, आणि पिल्लं अंड्यातून नेमकी कधी निघाली. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली टोचतात. हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून आणि धुळीतून पसरतो, पिल्लू त्याच्या संपर्कात फार लवकर येतं; म्हणून घरी आणल्यावर देऊ म्हटलं तर उशीर झालेला असतो. कॉक्सिडिओसिसच्या लसीचं उत्तर खाद्य निवडताना लागेल.

खुराड्याचं कामही आजच सुरू केलं. ३५-४० ग्रॅमचं पिल्लू सहा-सात आठवड्यांत अर्ध्या किलोच्या आसपास जातं. खुराडं ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं की पाचव्या आठवड्यात पिल्लांची दाटी होते, आणि दाटीतूनच पुढचे निम्मे आजार आणि भांडणं निघतात.

९ जानेवारी

ब्रूडर उभा केला. जाड पुठ्ठ्याची ४५ सेंटिमीटर उंच, ४ मीटर लांब पट्टी. टोकं एकमेकांवर सरकवून चिमट्यांनी धरली की ९० सेंटिमीटर व्यासाचं गोल रिंगण होतं. दोन आठवड्यांनी चिमटे सोडून तीच पट्टी १२० सेंटिमीटरपर्यंत मोठी करता येते. रिंगण गोलच हवं. चौकोनी खोक्यात थंडी वाजली की पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरतात. खोकंच वापरायचं असेल तर पुठ्ठा वाकवून चारही कोपरे बुजवावेत.

जागेचा हिशेब: पहिले दोन आठवडे दर पिल्लामागे निदान ०.०५ चौरस मीटर, चौथ्या आठवड्याच्या आसपास ०.१, सहाव्यापर्यंत ०.२. ९० सेंटिमीटरच्या रिंगणात आठ पिल्लांना पहिल्या आठवड्यात ऐसपैस जागा मिळते. ती हवीच, कारण उबदार आणि थंड असे दोन भाग पडायला अंतर लागतं. गरम झालेल्या पिल्लाला पळायला जागा नसेल तर ब्रूडरची भट्टी होते.

गादीसाठी रंध्याच्या जाड चिपा, ५ ते ७ सेंटिमीटर थर. भाताचं तूसही चालतं. बारीक भुसा नको, पिल्लं तो खाद्य समजून टिपतात आणि पोट तुंबतं. सीडरसारख्या उग्र वासाच्या लाकडाच्या चिपाही नकोत. बुरशी लागलेलं, कुबट वासाचं तूस तर दारातूनच परत पाठवावं. त्यातले बुरशीचे कण फुप्फुसात गेले की पिल्लं चोच उघडून धापा टाकतात आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नसतो. नुसतं वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पहिल्या दोन दिवसांत फाकलेले पाय तसेच राहू शकतात. पहिले दोन-तीन दिवस गादीवर खडबडीत टिपकागद किंवा जुनं सुती कापड अंथरायचं. त्यावर खाद्य दिसतं, पाय रोवले जातात, चिपा पोटात जात नाहीत.

जागा स्वयंपाकघरापासून लांब, झोत न येणारी, पण हवा खेळती. कोंबडीची पिल्लं निरोगी दिसत असली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुणं, पिल्लांना तोंडाजवळ न नेणं, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती न देणं हे नियम ब्रूडरवरच लिहून चिकटवले.

१२ जानेवारी

उष्णतेची सोय. आठ पिल्लांना २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा गरजेपेक्षा फार जास्त. १०० वॅटचा सिरॅमिक हीटर मुख्य, शेजारी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब. दोन स्रोत ठेवण्याचं कारण एकच: रात्री एक गेला तरी दुसरा सकाळपर्यंत जीव राखतो. होल्डर चिनी मातीचे, प्लास्टिकचे वितळतात. दिवा चिमट्यावर टांगू नये. साखळीने छताच्या हुकाला लटकवला आणि शिवाय वेगळ्या तारेने बांधला. ब्रूडरला लागणाऱ्या आगी बहुधा दिवा चिपांत पडल्यानेच लागतात, आणि वायर ओढून जोड ढिला करायला एक मांजर पुरतं. बल्ब घेताना टेफ्लॉनचा लेप नाही ना, हे वेष्टणावर वाचावं. फुटू नये म्हणून असा लेप दिलेले दिवे तापल्यावर जो वायू सोडतात तो माणसाला कळतही नाही, पण पक्ष्यांना मारतो.

दिवे रिंगणाच्या मधोमध न टांगता एका बाजूला, गादीपासून ४५ सेंटिमीटरवर. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीच्या जेमतेम ५ सेंटिमीटर वर. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर खोलीचं तापमान सांगतो, पिल्लाचं नाही.

१४ जानेवारी

पिल्लं येण्याआधी पूर्ण २४ तास हीटर चालू. हवा तासाभरात तापते, पण खालची फरशी आणि गादी तापायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि पिल्लाची ऊब बहुतेक पायांतून आणि पोटातून जाते. दिव्याखाली ३४ अंश सेल्सिअस, पलीकडच्या कडेला २७. पहिल्या आठवड्यासाठी दिव्याखाली ३२ ते ३५ हवं. हात गादीत खुपसून पाहिला, तळापर्यंत कोमट लागली पाहिजे.

खाद्य: चिक स्टार्टर, बारीक दाणेदार, प्रथिनं २० टक्के. आठ पिल्लांना सहा आठवड्यांत ८ ते १० किलो लागतं. एकदम मोठं पोतं भरून ठेवू नये, दीड-दोन महिन्यांत संपेल इतकंच घ्यावं आणि झाकणाच्या पिंपात ठेवावं. ओल लागलेल्या खाद्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंडं खराब करतं.

कॉक्सिडिओसिसचं औषध मिसळलेलं स्टार्टर घ्यायचं की साधं? हॅचरीत त्या रोगाची लस दिलेली असेल तर औषधाचं खाद्य नको, कारण लसीतले जिवंत परजीवीच त्याने मरतात आणि लस वाया जाते. आपल्या पिल्लांना ती लस नाही, म्हणून औषध असलेलं घेतलं.

१५ जानेवारी

पिल्लं आली. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावतं; एक दिवसाची पिल्लं लांब पाठवता येतात ती त्यामुळेच. पण ‘निभावतं’ याचा अर्थ उशीर केला तरी चालतो असा नाही. जितकं लवकर पाणी आणि खाद्य पोटात जाईल तितकं आतडं लवकर कामाला लागतं.

नेण्यासाठी भोकं पाडलेलं खोकं, तळाला खडबडीत कापड. गाडीच्या डिकीत नाही, उन्हात नाही, एसीच्या झोतासमोर नाही.

घेताना एकेक पिल्लू हातात धरून पाहिलं. बेंबी बंद आणि कोरडी. ती ओली, सुजलेली, काळी खपली धरलेली किंवा दुर्गंधी येणारी असेल तर ते पिल्लू घ्यायचंच नाही, संसर्ग आत पोचलेला असतो. डोळे टपोरे, बोटं सरळ, पिसं कोरडी आणि फुललेली. पायांच्या नळ्या तुकतुकीत हव्यात. सुरकुतलेल्या असतील तर पिल्लाच्या अंगातलं पाणी घटलंय. पाठीवर ठेवलं की दोन-तीन सेकंदांत पालथं होऊन उभं राहिलं पाहिजे.

घरी आल्यावर आधी पाणी, खाद्य तासाभराने. पाणी कोमट, ब्रूडरमध्ये दोन तास आधीच ठेवलेलं. गार पाण्याने आठवडाभराचं पिल्लूही कुडकुडतं. प्रत्येक पिल्लाची चोच टोकापुरती पाण्यात बुडवून सोडली. नाकपुड्या बुडवायच्या नाहीत. एकदोघं प्यायली की बाकीची बघून शिकतात. भांड्याच्या कडेच्या पन्हळीत गोट्या टाकल्या, कारण झोपाळलेलं पिल्लू दोन सेंटिमीटर पाण्यातही बुडून मरतं. प्रवासाने मलूल दिसणाऱ्यांसाठी पहिले काही तास लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर, नंतर साधं पाणी. साखर दिवसेंदिवस चालू ठेवली तर विष्ठा चिकट होते.

खाद्य पहिल्या दिवशी भांड्यात आणि कापडावर पसरून, दोन्हीकडे. बोटाने कापडावर टकटक केली की पिल्लं जमतात. आई चोचीने हेच करते.

रात्री ९: पिल्लं दिव्याभोवती सैल कडं करून, काही खाद्याकडे, आवाज बारीक आणि समाधानी. तापमान बरोबर. दिव्याखाली गठ्ठा आणि कर्कश चिवचिव म्हणजे थंडी. दिव्यापासून दूर, पंख सोडून, चोच उघडी म्हणजे गरमी. सगळी एकाच बाजूला सरकलेली म्हणजे दुसऱ्या बाजूने झोत येतोय. थर्मामीटर आणि पिल्लं यांच्यात मतभेद झाला तर पिल्लांचं ऐकावं.

झोपण्याआधी क्रॉप तपासला. क्रॉप म्हणजे गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला असलेली खाद्याची पिशवी. पिल्लू तळहातावर घेऊन दोन बोटांनी अलगद चाचपायचं. मळलेल्या कणकेच्या गोळीसारखी मऊ आणि भरलेली लागली की खाणं-पिणं दोन्ही झालंय. कोरडी, दाणे टोचणारी लागली तर पाणी कमी पडलंय. फुगलेली पण आत नुसतं पाणी असेल तर खाद्य सापडलेलं नाही. सात भरलेले, एक रिकामा. त्या पिल्लाला खाद्याजवळ बसवून पुन्हा टकटक केली. सकाळपर्यंत सगळे भरलेले हवेत. पहिल्या दिवसाची ही एक तपासणी बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त पिल्लं वाचवते.

१६ जानेवारी

आठही क्रॉप भरलेले. वीज गेली तर काय, याची तयारी: बाटल्यांत हाताला सोसवेल इतकं गरम पाणी, त्यावर कापड, पिल्लं छोट्या खोक्यात बाटल्यांभोवती, वर हवा जाईल असं पांघरूण. पाणी तासा-दीड तासाने बदलायचं.

१८ जानेवारी

एका पिल्लाचं गुदद्वार वाळलेल्या विष्ठेने बंद झालंय. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात हे नेहमी दिसतं. प्रवासाचा ताण, कमी-जास्त ऊब, पाण्याची कमतरता ही कारणं. विष्ठा बाहेर पडली नाही तर पिल्लू एक-दोन दिवसांत दगावतं. कोमट पाण्याचा कापूस मिनिट-दोन मिनिटं धरून ठेवला, मऊ झाल्यावर पुसून काढलं. सुकलेलं ओढून काढू नये, खालची नाजूक कातडी फाटते. अंग पूर्ण कोरडं करून थोडं व्हॅसलिन लावलं आणि मगच परत सोडलं. ओलं पिल्लू ब्रूडरमध्येही गारठतं. दिवसातून दोनदा सगळ्यांच्या बुडाकडे नजर टाकायची. बेंबीची वाळकी नाळ मात्र ओढू नये. ती गुदद्वाराच्या जवळच, पोटाच्या बाजूला असते आणि घाईत तीच विष्ठा समजून उपटली जाते.

पाय सगळ्यांचे ठीक. फाकले असते तर चिकटपट्टीची पातळ पट्टी दोन्ही नळ्यांभोवती आठाच्या आकड्यात, पाय खांद्याइतक्या अंतरावर राहतील अशी बांधायची आणि तीन-चार दिवसांत काढायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत बांधली तर गुण येतो.

कापड काढलं. आता खाद्य फक्त भांड्यात.

२२ जानेवारी

एक आठवडा पूर्ण. दिवा ६ सेंटिमीटर वर, दिव्याखाली ३० अंश. इथून दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी.

मानमोडीची म्हणजे राणीखेतची लस पशुवैद्यकाकडून, डोळ्यात एक थेंब. पुढच्या लसींचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच घ्यावं, कारण कुठला रोग आसपास आहे त्यावर ते ठरतं. जिवंत लस २ ते ८ अंशांत ठेवतात आणि मिसळल्यावर दोनेक तासांत वापरतात. पाण्यातून द्यायची असेल तर पाण्यात क्लोरीन नको. आजारी, मलूल पिल्लांना लस देऊ नये.

पाण्याचं भांडं आता लाकडी ठोकळ्यावर. कड पिल्लाच्या पाठीच्या रेषेत असली की चिपा आत कमी उडतात आणि पाणी कमी सांडतं. दर आठवड्याला ठोकळ्याची उंची वाढवायची.

२९ जानेवारी

पंखांची पिसं आली, उड्या सुरू. रिंगण १२० सेंटिमीटर केलं, वर जाळी. दिव्याखाली २७ अंश. १२ सेंटिमीटर उंचीवर दोन-अडीच सेंटिमीटर जाड गोल काठी बसवली.

हिरवा पाला द्यायचा असेल तर बारीक चिरून, चिमूटभर, आणि सोबत एक-दोन मिलिमीटरची भरड वाळू वेगळ्या वाटीत. कोंबडीला दात नाहीत, खडे पेषणीत (पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत) जाऊन दळण करतात. नुसतं स्टार्टर खाणाऱ्या पिल्लाला वाळूची गरज नाही.

८ फेब्रुवारी

हा आठवडा सर्वांत जपण्याचा. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कॉक्सिडिओसिस येतो. त्याचा परजीवी आयमेरिया. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी लगेच रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पक्व होतात, आणि मग चोचीतून पोटात गेली की आतड्याच्या आवरणात वाढतात. ऊब ब्रूडरमध्ये असणारच, हवाही. आपल्या हातात फक्त ओल आहे. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी रोज उचलायची. मूठभर गादी दाबून पाहावी: गोळा होऊन तसाच राहिला तर बदलायची वेळ झाली, सुटी पडली तर ठीक. वास घेताना खाली वाकून पिल्लाच्या उंचीवर घ्यावा. आपल्या नाकाला उभ्याने अमोनिया जाणवेपर्यंत पिल्लांच्या डोळ्यांची आग झालेली असते.

आज विष्ठेत एका जागी तांबूस चिकट भाग. आतड्याच्या अस्तराचे नारिंगी-तांबूस पापुद्रे अधूनमधून पडतात, आणि दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, दुर्गंधीची विष्ठा पडते, दोन्ही नेहमीचंच. पिल्लं चपळ, खाणं पूर्ण. काळजीची लक्षणं वेगळी: पिल्लू कुबड काढून, पिसं फुगवून, डोळे मिटून एका बाजूला उभं, खाणं सुटलेलं, विष्ठेत ताजं रक्त. औषध मिसळलेलं खाद्य असलं तरी संसर्ग जोरदार असेल तर रोग होतो. अशा वेळी थांबायचं नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे विष्ठेचा नमुना, आणि त्यांच्या प्रमाणाने अँप्रोलियम पाण्यातून सगळ्यांनाच, कारण आजारी पिल्लू खात नाही पण पीत असतं. अँप्रोलियम परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही; त्याच काळात बी जीवनसत्त्वाचं टॉनिक दिलं तर औषधाचं बळ जातं. ‘अशक्त झालीत, टॉनिक देऊ’ हा मोह तेवढे दिवस आवरावा.

१८ फेब्रुवारी

शेपटीच्या मुळाशी टोचाटोची. कारणं ठरलेली: दाटी, गरमी, झगझगीत उजेड, खाद्याच्या भांड्याशी अपुरी जागा. २२ अंशांच्या आसपास असायला हवं होतं तिथे दुपारी दिव्याखाली २९. दिवसा हीटर बंद केला. दुसरी पट्टी जोडून रिंगण दीड चौरस मीटरच्या पुढे नेलं, दुसरं खाद्यभांडं ठेवलं. दर पिल्लामागे भांड्याची ५ सेंटिमीटर कड लागते. रक्त आलेलं पिल्लू वेगळं ठेवलं, जखम सुकेपर्यंत. लाल ठिपका दिसला की बाकीची तिथेच टोचत राहतात, चांगली वागणारीसुद्धा.

२६ फेब्रुवारी

सहा आठवडे. अंगभर पिसं, मानेवर थोडी लव बाकी. रात्रीचाही हीटर बंद. खोलीत २० अंश, पिल्लं काठीवर शांत. दुपारी परसात जाळीखाली तासभर. गवत ओलं असेल त्या दिवशी नाही.

५ मार्च

सगळी एकदम खुराड्यात. मापं: आत दर कोंबडीमागे ०.३५ ते ०.४ चौरस मीटर, बाहेरच्या जाळीतल्या अंगणात एक चौरस मीटर, बसायच्या काठीवर २० ते २५ सेंटिमीटर. वारा खेळण्याच्या फटी काठीपेक्षा वर, म्हणजे रात्री झोत अंगावर येत नाही पण विष्ठेची वाफ बाहेर जाते. जाळी १२ मिलिमीटर चौकटीची वेल्डेड. षटकोनी पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला किंवा घुशीला बाहेर ठेवत नाही. जमिनीखाली ३० सेंटिमीटर जाळी गाडली. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि त्यात पिन.

आठवडाभर बाहेर सोडायचं नाही. रात्रीची जागा पक्की झाली की संध्याकाळी आपणहून परततात.

१२ मार्च

बाहेर सोडली, अंधार पडायच्या आधी सगळी काठीवर. दोघांचा तुरा बाकीच्यांपेक्षा लाल आणि मोठा, पाय जाड; कोंबडे असण्याची शक्यता मोठी. मानेवर आणि शेपटीजवळ लांब टोकदार पिसं आली की नक्की ठरेल.

ग्रोअर (वाढत्या पिल्लांच्या) खाद्याकडे बदल सुरू, प्रथिनं १६ टक्के. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्याअखेर पूर्ण. एकदम बदललं की खाणं कमी होतं आणि विष्ठा पातळ होते. लेअर खाद्य पहिलं अंडं दिसल्यावर किंवा अठराव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर शिंपल्यांचा चुराही नाही.